रोजच्या जेवणाचा एकपानी तक्ता: घरच्या मापात, घरच्या चवीचा

घरात स्वयंपाक नीट येणारं माणूस बहुतेक एकच असतं. ते चार दिवस माहेरी नाहीतर कुणाच्या लग्नाला गेलं की बाकीचे फोन करत बसतात, आमटीला पाणी किती, शिट्ट्या किती, चटणी (म्हणजे लाल मसाला) कुठल्या डब्यातली, आणि पलीकडून उत्तर येतं "घाल की अंदाजानं". तो अंदाज कागदावर उतरवायचा, एका पानात, एवढंच आपलं काम आहे. ज्याला जेमतेम गॅस पेटवता येतो त्यालाही त्या पानावर बघून आमटी-भात-भाकरी ताटात घेता आली पाहिजे. नवीन आलेली सून असो, पुण्याला नोकरी लागलेलं पोरगं असो नाहीतर रिटायर झालेले वडील असोत, सगळ्यांना चालतं.

रेसिपीच्या पुस्तकात कांदा बारीक चिरून घ्या, कढईत तेल तापवा असं सगळं असतंय. तक्त्यात ते नको. जे दर वेळी विसरतं तेवढंच लिहायचं, म्हणजे माप, क्रम आणि वेळ. तेल तापल्यावर मोहरी टाकायची हे कुणी विसरत नाही, पण एक वाटी बेसनाला पाणी तीन वाट्या की चार हे दहा वेळा पिठलं केलेलं माणूसपण गॅससमोर उभं राहून आठवत बसतं. एका पदार्थाला दोन ओळी, फार तर तीन, त्याच्यावर गेलं की पान गच्च भरतं आणि गच्च पान घाईच्या वेळी कोण वाचत नाही.

आधी यादी, पण खरी यादी

इथं लोकं उत्साहात येऊन पांढरा रस्सा, पुरणपोळी, कोथिंबीर वडी असलं सगळं लिहून काढतात. ते सणाचं झालं. रोजचं म्हणजे मंगळवारी रात्री साडेआठला दमून आल्यावर जे होतं ते. भिंतीवर कॅलेंडर असतंयच, दुधाचा हिशोब लिहितो तेच, त्याच चौकोनात रोज झोपताना दोन शब्द टाकायचे, "मसूर भाकरी", "मेथी आमटी", "पोहे, कालचा भात". दोन-तीन आठवड्यांनी बघा, यादी आपोआप तयार असते आणि कळतं की आपल्या घरात व्हरायटी व्हरायटी म्हणतात ती फिरून फिरून पंधरा-वीस पदार्थांचीच आहे. बरंच आहे की, तेवढेच पानात बसतात.

यादीत चहा घ्यायचाच. हसू नका, पाहुणे सहा आले आणि घरात एकटे वडील असले की पहिला गोंधळ चहाचाच होतो, दूध किती पाणी किती, आणि कोल्हापूरात कमी दुधाचा चहा पुढं ठेवला तर कोण काही बोलत नाही पण कप अर्धा राहतो.

मग यादीचे गट पाडा. भात-डाळ, भाकरी-चपाती, पातळ भाजी, सुकी भाजी, नाष्टा. अजून काही बारीक गट पाडायच्या नादाला लागू नका, शोधताना डोळा पटकन कुठं जाईल एवढंच बघायचं.

मापाची वाटी

इथं मात्र घाई करू नका, तक्ता खरा का खोटा ते इथंच ठरतं. प्रत्येक घरात वाट्या चार प्रकारच्या असतात, आहेरात आलेल्या वेगळ्या, आजीच्या वेगळ्या, रोज ताटात लागणाऱ्या वेगळ्या, आणि तक्त्यात नुसतं "1 वाटी" लिहिलं तर ती कुठली हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून एक वाटी नक्की करा, एकच, आणि ती डाळ-तांदळाच्या डब्यापाशी ठेवा, ताटात घ्यायची नाही. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच, दुकानातच कोरून देतात, तसं या वाटीवर "माप" असं कोरून घ्या म्हणजे घरातलं कोणी दही लावायला पळवणार नाही.

आता छोटा डिजिटल किचनचा वजनकाटा लागेल. विकत नको असेल तर कुणाचातरी आठवडाभर मागून आणा, पण वजनकाट्याशिवाय हे काम करू नका. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, त्यामुळं आकडा 150 आला तर वाटी 150 मिलीची. मग त्याच वाटीनं डाळ, तांदूळ, बेसन एकेक मोजून घ्या. 150 च्या वाटीत तूरडाळ आणि तांदूळ साधारण 125 ग्रॅम बसतात, बेसन न दाबता भरलं तर 80 च्या आसपासच, म्हणजे वाटी तीच असली तरी वजनात एवढा फरक. हे आकडे पानाच्या कोपऱ्यात एका चौकटीत लिहून ठेवा, पुढं कामाला येणार आहेत, कसे ते खाली सांगतो.

चमच्यात तर अजून मोठा घोळ. मिसळणाच्या डब्यातला इवलासा चमचा, पोह्याचा चमचा, आणि वाढायचा डाव, तिन्हीला लोकं चमचाच म्हणतात. मिसळणाच्या डब्यात 5 मिलीचा मापाचा चमचा टाकून द्या आणि तक्त्यात चमचा म्हणजे तोच, असं वरच लिहा.

हाताचं माप काढायची युक्ती

आता खरी अडचण. घरातली जी बाई, किंवा बाप्या, चांगलं करते तिला विचारून काही उपयोग नसतो. आईला विचारलं "चटणी किती घालतीस?" की ती म्हणणार "एक चमचा", आणि घालताना बघितलं तर चमचा शिगोशीग भरलेला, वर परत डबा हलवून अर्धा. खोटं बोलत नसते ती, तिच्या हाताला तेवढाच एक चमचा माहीत असतो. बरं, मोजून घाल म्हणून तिच्या हातात मापाचा चमचा दिला की हात आखडतो आणि त्या दिवशीची भाजी बिघडते, शिव्या आपल्याला.

म्हणून तिच्या हाताला हात लावायचा नाही, डबा मोजायचा. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी चटणीचा डबा झाकणासकट काट्यावर ठेवून आकडा लिहायचा. समजा 812. मिठाचा डबा, तेलाची किटली, गुळाचा डबा, सगळ्यांचे आकडे एका कागदावर. मग बाजूला होऊन गप बसायचं, तिला पाहिजे तसं करू दे, तोंडानं टीव्हीवरच्या मालिकेचं चालू असू दे. भाजी उतरली की परत सगळे डबे काट्यावर. चटणीचा डबा 788 आला म्हणजे 24 ग्रॅम गेली, पाच माणसांच्या उसळीला. मापाच्या चमच्यात ती एकदा भरून मोजली की कळतं, जवळजवळ पाच चमचे. जी आई "एक चमचा" म्हणाली होती तिच्यासमोर हा आकडा ठेवला की ती पहिल्यांदा मान्यच करत नाही, "काटा बिघडलाय तुझा" म्हणती.

पाण्याचं पण तसंच. तांब्यानं पाणी ओततात, तर तांब्या भरून आधी मोजून ठेवा आणि शेवटी किती उरलं ते बघा. एका पदार्थाचे दोन-तीन वेळचे आकडे घ्या, मधला धरा, आणि ग्रॅमचे चमचे-वाटी करून टाका, कारण रोज कोण काटा काढून बसणार नाही. सासूबाईंच्या हाताचं माप काढायचं असेल तर आधी सांगून करा बाई, डबे मोजताना बघितलं तर वेगळाच अर्थ निघायचा.

पाया एकदाच लिहा: फोडणी, वाटण, चटणी

आपल्या घरच्या वीस पदार्थांपैकी निम्म्याहून जास्त पदार्थ एकाच फोडणीवर उभे असतात. ती प्रत्येक ओळीत परत परत लिहिली की पान संपलं. म्हणून पानाच्या डोक्यावर एक पट्टी आखून त्यात पाया लिहायचा.

फोडणी: तेल 2 चमचे, मोहरी तडतडू दे, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. खाली जिथं "फो" दिसेल तिथं हीच. मोहरी पूर्ण तडतडल्याशिवाय पुढचं घालायचं नाही आणि हळद शेवटी कारण ती तेलात लगेच करपते, एवढी एकच सूचना नवीन माणसाला पुरते.

वाटण: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, थोडी खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर. प्रमाण आपल्या घरचं लिहा, कुणाकडं खोबरं जास्त तर कुणाकडं कांदा जास्त असतो. हे रविवारी एकदम करून फ्रीजमध्ये ठेवत असाल तर "वाटण 3 चमचे" एवढं लिहून भागतं.

आणि चटणी. बाहेरगावच्या कुणाच्या हातात हे पान जाणार असेल तर त्याला आधी सांगा की कोल्हापूरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण घालून केलेला लाल मसाला, इडलीबरोबरची नव्हे. उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, मिरच्या आणायच्या, देठं काढायची, गच्चीवर वाळवायच्या, मसाले भाजायचे आणि डंकावर कांडून आणायचं, मग वर्षभर तीच. आता तक्त्याच्या दृष्टीनं यात दोन गोष्टी आहेत ज्या लिहिल्या नाहीत तर नवीन माणूस हमखास फसतंय.

पहिली, चटणीत मीठ असतं. कांडतानाच घातलेलं असतं. त्यामुळं पाच चमचे चटणी घालून वर भाजीच्या अंदाजानं पूर्ण मीठ घातलं की खारट. तक्त्यात म्हणूनच मीठ चटणीच्या शेजारी लिहायचं, दोन्ही एकत्र बघायची सवय लागते. विकतचं लाल तिखट वापरलं तर त्यात सहसा मीठ नसतं, तेव्हा मीठ वाढवायचं आणि तिखटाचा चमचा कमी करायचा.

दुसरी, दर वर्षीची चटणी वेगळी होते. ब्याडगी मिरची जास्त पडली तर रंग जबरदस्त आणि तिखटपणा बेताचा, संकेश्वरी जास्त पडली तर अर्ध्या चमच्यात घाम. म्हणून तक्त्यात बाकी सगळं पक्क्या पेनानं पण चटणीचा आकडा पेन्सिलीनं लिहा नाहीतर तिथं जागा मोकळी सोडा, वर लॅमिनेशन केलं की पुसता येणाऱ्या मार्करनं भरता येतो. मे महिन्यात नवीन डबा उघडला की एक भाजी करून बघायची आणि आकडे बदलायचे.

एका पदार्थाची ओळ कशी लिहायची

आधी किती माणसांचं, मग मुख्य माल, पाणी, कुकरचा वेळ, मग फोडणीत काय, शेवटी काय. क्रम सगळ्या ओळीत हाच ठेवा, म्हणजे डोळ्याला सवय होते. नमुना म्हणून काही ओळी देतो, 150 मिलीच्या वाटीच्या आणि 5 मिलीच्या चमच्याच्या: डाळ-पीठ-पाणी वाटीनं, चटणी-मीठ-वाटण-साखर चमच्यानं. आकडे आपल्या घरचे घाला, आमच्याकडं तिखट जरा पुढंच असतं.

आमटी (4): तूरडाळ 1, पाणी 3, हळद. शिट्टीनंतर बारीक 10 मि. घोटून पाणी 2. फो + लसूण 6. चटणी 1½ / मीठ 1. गूळ सुपारीएवढा. आमसूल 3 शेवटी.

पिठलं (3): बेसन 1, पाणी 3½ (त्यातल्या 1 मध्ये बेसन कालवून). फो + कांदा 1 + लसूण 6 + हिरवी मिरची 4. पाणी उकळलं की कालवलेलं ओत, ढवळत राहा. झाकून 5 मि. मीठ 1.

अख्खा मसूर (4): मसूर 1½, पाणी 3, शिट्टीनंतर बारीक 5 मि. (भिजवला नसेल तर 10). फो + कांदा 2 + टोमॅटो 1 + वाटण 3. चटणी 2½ / मीठ ¾.

मेथी (4): मोठी जुडी 1, मूगडाळ ¼ भिजवून. फो + लसूण 8 + हिरवी मिरची 4. झाकण नाही. मीठ शेवटी, पाला बसल्यावर.

भाकरी (1): शाळूचं (ज्वारीचं) पीठ 1, उकळतं पाणी पाऊण. भरपूर मळ. पाणी वरच्या बाजूला, ते सुकायच्या आत उलट.

चहा (1): पाणी ½ कप, दूध ½ कप, साखर 1½, पावडर 1. दूध घातल्यावर दोन उकळ्या.

यात बघा, "का" कुठंच लिहिलेलं नाही, जागा नाही तेवढी. पण करणाऱ्याला एकदा तोंडी सांगून ठेवायचं. आमसूल शेवटी का, तर आंबट आधी पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही, तासभर कुकर लावा नाहीतर काय करा, कण राहतोच. मेथीत मीठ शेवटी का, तर जुडी कढईत डोंगराएवढी दिसते आणि दोन मिनिटात मूठभर होते, डोंगर बघून मीठ घातलं की संपलं. भाकरीला उकळतं पाणी का, तर ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्यानं पीठ जरा शिजतं आणि मग धरून राहतं. तरी थापताना चिरत असेल तर पीठ जुनं झालंय, विरी म्हणजे धरून राहायचा गुण गेला त्याचा, तुमचा हात वाईट नाही. पिठाच्या डब्यावर गिरणीतून आणल्याची तारीख टाकत चला.

शिट्ट्यांबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल कारण सगळे तिथंच अडकतात. "चार शिट्ट्या" हे माप नव्हेच. गॅस मोठा असला की चार शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची, बारीक असला तर चौथीची वाट बघत बसा आणि भाताचा लगदा. इंडक्शनवर तर अजून वेगळं. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि तिथनं मिनिटं मोजायची, मोबाईलवर टायमर लावून. हे एकदा बसवलं की कुठलाही कुकर, कुठलंही घर, फार फरक पडत नाही. आणि माणसं दुप्पट झाली म्हणून मिनिटं दुप्पट करायची नाहीत, कुकरला प्रेशर धरायला वेळ जास्त लागेल तेवढाच, त्यानंतरची मिनिटं तीच. फोडणीचं तेलसुद्धा दुप्पट लागत नाही, दीडपट बास होतं. हे दोन्ही तळटीप म्हणून पानावर लिहा, पाहुण्यांच्या दिवशी उपयोगाला येतं.

भाताची ओळ मी मुद्दाम नमुन्यात दिली नाही. ती तांदळावर आहे. इंद्रायणी मऊ चिकट होतो, पाणी बेतानंच लागतं, त्यात नवा तांदूळ असला तर अजून कमी, जुना असला की जास्त. आजरा घनसाळ तांदळाला 2016 ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण कुकरला टॅग कळत नाही, त्याचंही पाणी मोजूनच घालावं लागतं. दुपटीनं सुरू करा, एक वाटीला दोन वाट्या, पहिल्या दिवशीचा भात बघून अर्धी वाटी इकडं-तिकडं. पोतं बदललं की हीच परीक्षा परत. म्हणून या ओळीत पण चटणीसारखी मोकळी जागा.

आदल्या रात्रीची पट्टी

पानाच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी सोडा आणि त्यात फक्त भिजवण्याचं लिहा. सगळ्यात जास्त स्वयंपाक इथं फसतो, सकाळी सात वाजता कळतं की मटकी भिजत घातलीच नाही. मटकी: सकाळी भिजत, रात्री फडक्यात बांधून, दुसऱ्या सकाळी मोड. थंडीत मोडांना अजून वेळ, फडकं गरम जागी ठेवायचं. एक वाटी कोरड्या मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, नवीन माणूस हे न कळून तीन वाट्या भिजवतं आणि मग तीन दिवस मिसळ. हरभरा, वाटाणा, छोले: रात्रभर. साबुदाणा: रात्री धुऊन, बुडेल न बुडेल एवढंच पाणी. मूगडाळ अर्धा तास. बास. या पट्टीला वेगळा रंग द्या आणि झोपायच्या आधी एकदा नजर टाकायची सवय लावा.

ज्या घरात नवरात्रात नाहीतर ठरावीक वारी कांदा-लसूण बंद असतो त्यांनी त्या दिवशी चालणाऱ्या पदार्थांना नुसता एक ठिपका द्यायचा. आणि तेव्हा रोजची चटणी पण चालत नाही, तिच्यातच कांदा-लसूण आहे, हे नव्या सुनेला कोण सांगत नाही आणि मग दिवसभर बोलणी. साधं तिखट कुठल्या डब्यात आहे ते तिथंच लिहून टाका.

कच्चं पान आणि परीक्षा

हे सगळं आधी साध्या कागदावर, खाडाखोड होऊ दे. मग घरातल्या ज्याला स्वयंपाक अजिबात येत नाही त्याच्या हातात ते पान द्यायचं, एक आमटी-भात करायला लावायचं आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. तो जिथं थांबून मागं वळून बघेल ती ओळ अपुरी आहे, तिथं पेन्सिलीनं खूण करायची. "घोटून म्हणजे कशानं?" "बारीक म्हणजे किती बारीक?" "हिंग कुठला डबा?" असले प्रश्न येतात आणि त्यातले निम्मे डब्यांचेच असतात. त्यामुळं तक्त्याबरोबर डब्यांना लेबल लावून टाका, धने-जिरे पावडर आणि गरम मसाला दिसायला सारखेच दिसतात हो.

ज्या ओळीवर तो न अडखळता गेला त्यातले शब्द अजून कमी करता येतात का बघा.

पक्कं पान

ए-फोर कागद, आडवा. अक्षर एवढं की हातभर अंतरावरनं चष्म्याशिवाय वाचता येईल, आई-वडिलांना धरून बोलतोय मी. हातानं लिहिणार असाल तर बॉलपेन, जेलपेनची शाई ओला हात लागला की पसरते. टाईप करणार असाल तर देवनागरी आकडे का साधे आकडे ते एकच काहीतरी ठरवा, आणि पाव-अर्धा-पाऊण ठळक करा, घाईत ½ आणि 1½ यात गफलत होते. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेशन. आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसता कागद जुलैपर्यंतच टिकतो, सादळून पापडासारखा वाकतो, त्यात वरनं फोडणीचे शिंतोडे.

लावायचं कुठं, तर गॅसच्या मागच्या भिंतीवर अजिबात नको. तेलकट होतं आणि वाचायला आचेवरनं वाकावं लागतं, पदर-ओढणी असताना तर नकोच. डाळ-तांदळाचं कपाट उघडलं की दाराच्या आतल्या बाजूला दिसेल असं चिकटवा, माप घेताना नेमकं समोर येतं आणि दार बंद केलं की पाहुण्यांना दिसत नाही. मोबाईलमध्ये फोटो ठेवला तरी चालतो म्हणणारे आहेत, ठेवा की, पण पिठाच्या हातानं स्क्रीन उघडत नाही आणि निम्म्या वेळी तेवढ्यात फोन येतो.

पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पोराला द्यायचं असेल तर नुसत्या फोटोवर भागवू नका. तिकडच्या फ्लॅटमधली वाटी वेगळी, सगळी मापं चुकणार. एकतर कोपऱ्यातली ग्रॅमची चौकट त्याला समजावून सांगा, तिचा उपयोग इथंच आहे, नाहीतर सरळ तसलीच दुसरी वाटी कोल्हापूरात महाद्वार रोडच्या बाजारात घेऊन, "माप" कोरून, चटणीच्या डब्यात खुपसून द्या. आणि त्याच्या पानावर "4 माणसं" खोडून "1" करा. एका माणसाला पाव वाटी डाळीची आमटी कुकरमध्ये नीट होत नाही, बुडाला लागते, म्हणून कुकरमध्ये थेट न घालता आत डबा ठेवून शिजवायला सांगा, तळाला दोन ग्लास पाणी.

मटणाचं पान मात्र वेगळंच करा, रोजच्यात घालू नका. तांबडा, पांढरा, सुकं एकाच पातेल्यातनं निघतं, आळणी पाणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी) कधी बाजूला काढायचं, कशाला किती राखून ठेवायचं, हे दोन ओळींचं काम नाही, त्याला अख्खी पाठपोट बाजू लागते. त्या पानावर सगळ्यात वर, लाल पेनानं: नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला खळखळून उकळी नाही, फुटतो.